२३ नोव्हेंबर आणि आपण नागपूरकर

शिशिरा
१० नोव्हेंबर, रात्री ९.४०

दिवाळी आटोपली की नागपुरात थंडीची आणि अधिवेशनाची चाहूल एकदमच लागते. सिव्हिल लाइन्समधल्या दुभाजकांना रंग मिळतो, वर्षभर कुणी न पाहिलेले खड्डे आठवडाभरात बुजतात आणि विधानभवनाच्या आसपास बांबू उतरू लागतात. या धामधुमीत २३ नोव्हेंबर ही तारीख येते आणि निघून जाते. १९९४ साली याच दिवशी हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटपाशी, ११४ माणसे चेंगरून गेली. त्यांत बहुतांश बायका आणि लहान मुले होती.

हे सगळे मला माहीत होते, असा माझा समज होता. माझे कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि वीस वर्षे मी रोज त्या टी पॉइंटवरून जाते. बर्डीहून वर्धा रोडकडे जाणाऱ्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे, त्यामुळे तो शब्द दिवसातून एकदा तरी तोंडात येतोच. ‘गोवारी पुलावरून ये, खालून येऊ नकोस’, ‘गोवारी पुलावर गाडी बंद पडली’, असे आपण सगळेच बोलतो. बोलताना आपण पुलाविषयी बोलत असतो, माणसांविषयी नाही, हे मात्र माझ्या लक्षात गेल्या वर्षीपर्यंत आले नव्हते.

गेल्या २३ तारखेला सकाळी वाहतूक वळवलेली होती. मी उशीर झाला म्हणून चिडलेली होते. ऑटोवाल्याने मला झिरो माईलच्या अलीकडेच उतरवले आणि ‘आज गोवाऱ्यांचा दिवस आहे मॅडम, पुढे नाही जात’ असे सांगून तो वळला. मी भराभर चालू लागले, तेवढ्यात सत्तरीच्या एक आजी आडव्या आल्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत, अंगावर पुरुषी स्वेटर, हातात फडक्यात बांधलेली शिदोरी आणि कागदात गुंडाळलेला झेंडूचा हार. त्यांनी विचारले, “बाई, गोवाऱ्याइचं स्मारक कोनीकडं आहे जी?”

मी हात केला आणि झिरो माईलचा खांब दाखवला.

त्या क्षणी मला जे एकमेव स्मारक दिसले, ते मी दाखवले. इंग्रजांच्या मोजणीखात्याचा दगडी खांब आणि त्याच्या शेजारचे चार घोडे. आजी दोन पावले पुढे गेल्या, थांबल्या, घोड्यांकडे पाहत राहिल्या आणि मला म्हणाल्या, “हे घोडे कायचे व?” तेवढ्यात मागून पिवळा फेटा बांधलेला एक मुलगा धावत आला, त्याने आजींचा दंड धरला आणि त्यांना बरोबर दिशेने घेऊन गेला. स्मारक तिथून हाकेच्या अंतरावर होते. ज्या वाटेने मी वीस वर्षे जाते, त्याच वाटेवर होते.

त्यानंतर तीनच दिवसांनी २६ नोव्हेंबर आला. मुंबईवरच्या हल्ल्याच्या स्मरणाचे संदेश माझ्या प्रत्येक गटावर आले, मीही दोन पुढे पाठवले. त्यात चूक काहीच नाही. पण माझ्या शहरातल्या ११४ जणांविषयी एकाही गटावर एक ओळ आली नव्हती आणि मीही ती लिहिली नव्हती.

यंदा पुन्हा ती तारीख येते आहे. माझा प्रश्न साधा आहे. ज्यांच्या घरातले कुणी गेले नाही, जे त्या समाजाचे नाहीत, पण ज्या रस्त्यावर हे घडले त्या रस्त्याने रोज जातात, अशा आपण लोकांनी त्या दिवशी कसे वागावे? स्मारकावर जावे का? की आपले तिथे जाणे आगंतुकपणाचे होईल? ज्यांना तो दिवस आठवतो त्यांनीही लिहावे.

गांधीबागचा
१० नोव्हेंबर, रात्री ११.१५

मी तेव्हा बारावीत होतो. प्रसंग घडला तेव्हा आम्ही घरी होतो, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेले असे माझ्याकडे काही नाही. त्या दिवसाची वर्णने मी खूप वाचली आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांत लेखकाने चपलांचा ढीगच मोजला आहे, म्हणून त्या वाटेला मी जात नाही. एकच गोष्ट सांगतो, ती काकांकडून ऐकलेली आहे.

काकांचे बर्डीत कापडाचे दुकान होते. संध्याकाळी पळापळ झाली तेव्हा त्यांनी शटर अर्धे खाली ओढले आणि ओट्यावर जे चढतील त्यांना चढू दिले. रात्री गर्दी ओसरल्यावर ओट्यावर दोन मुले उरली, एक सातआठ वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. मुलीला बापाचे नाव सांगता येई, गावाचे नाव सांगता येई, पण तालुका आणि जिल्हा हे शब्दच तिला ठाऊक नव्हते. त्या नावाची गावे विदर्भात चार तरी असतील. काका आठवडी बाजारांना कापड पाठवणारे. त्यांनी विचारले, “बेटा, तुझी आई बाजाराला कुठे जाते?” मुलगी म्हणाली, “साकोलीले.” मग कोड्याची उकल झाली. साकोलीकडच्या मोर्चेकऱ्यांचा ट्रक कुठे उभा आहे, ते शोधत काका आणि त्यांचा नोकर त्या मुलांना घेऊन रात्री दीडपर्यंत फिरले. ट्रक सापडला. बाप भेटला. आईचे काय झाले, ते काकांनी आम्हाला कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

काका गेले त्याला आता बारा वर्षे झाली. दर २३ नोव्हेंबरला ते दुकान उघडण्याआधी ओटा स्वतः झाडत. नोकराला झाडू देत नसत.

वर्धारोडवासी
११ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

थोडे अप्रिय लिहितो, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

घटना भयंकर होती याविषयी दुमत नाही. परंतु नागपूरकराने किती दिवस पाळायचे, याचाही विचार व्हावा. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातले एक अधिवेशन आपल्याकडे होते, त्याबरोबर राज्यभरातले मोर्चे आपल्याकडे येतात. यशवंत स्टेडियमवरून निघतात, टी पॉइंटला अडवले जातात आणि अधिवेशन संपेपर्यंत शहराचा मध्य बंद असतो. गेल्या वर्षी २३ तारखेला माझ्या वडिलांना डायलिसिसला न्यायचे होते आणि नेहमीच्या वीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. मला त्या वेळी गोवारी बांधवांचा राग आला नाही, पण श्रद्धाही वाटली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

दुसरे असे की, आपण तिथे जाऊन करणार काय? फोटो काढणार आणि संध्याकाळी लावणार. त्यापेक्षा न गेलेले बरे. शिशिरा यांनी आजींना चुकीची दिशा दाखवली यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मलाही माझ्या गल्लीतल्या चार पुतळ्यांची नावे सांगता येणार नाहीत.

तलावकाठी
११ नोव्हेंबर, दुपारी १.०५

मी मूळची भोपाळची. आमचे घर मराठीच आहे, आजोबा नोकरीनिमित्त तिकडे गेले आणि तिथलेच झाले. लग्नानंतर मी नागपुरात आले.

भोपाळमध्ये ३ डिसेंबरला स्थानिक सुटी असते. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, त्याची ती सुटी. मी शाळेत असताना त्या सुटीत आम्ही उशिरा उठत असू आणि गल्लीतली मुले क्रिकेट खेळत. जुन्या भोपाळमध्ये, कारखान्याच्या बाजूच्या वस्त्यांत, त्याच दिवशी मशाली निघत, सभा होत, बायका हातांत फोटो घेऊन बसत. आम्ही नव्या भोपाळमध्ये राहत होतो आणि वारा त्या रात्री आमच्या दिशेने वाहत नव्हता. एकाच शहरात एकच सुटी दोन तऱ्हांनी जात असे.

हे सांगायचे कारण असे की, पाळणे म्हणजे सरकारी सुटी किंवा दोन मिनिटांची शांतता असे मला वाटत नाही. पण वर्धारोडवासी म्हणतात तशी वाट मोकळी ठेवणे म्हणजेच शहर व्यवस्थित चालणे, हेही मला पटत नाही. एका दिवसाच्या सव्वा तासामुळे आपल्याला निदान हे तरी विचारावे लागते की, आज रस्ता का बंद आहे.

आखर
११ नोव्हेंबर, रात्री १०.३०

मी गोवारी आहे. भंडारा जिल्ह्यातला, लाखनीजवळचा. नागपुरात नोकरीला आहे. या संस्थळावर सहा वर्षे वाचतो आहे, लिहितो कमी. हा धागा पाहिल्यावर दोन वेळा लिहून खोडले.

आखर म्हणजे गावाबाहेरची ती जागा, जिथे सकाळी सगळ्या घरांची गुरे गोळा होतात आणि गायकी त्यांना रानात नेतो. गायकी म्हणजे गुराखी. आमच्या आजोबांपर्यंत घरात हेच काम होते आणि मोबदला वर्षाच्या धान्यात मिळे. बलिप्रतिपदेला गायगोधन, म्हणजे गुरांच्या पूजेचा सण असतो. त्या दिवशी आम्ही ढाल, म्हणजे आमचे सजवलेले पूजेचे प्रतीक, नाचवतो, बासरी आणि डफ असतो, घरोघर जाऊन दोहे म्हणतो. १९९४ ची दिवाळी ३ नोव्हेंबरच्या आसपास होती. म्हणजे ढाल नाचवून उतरवली त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. शेतात धान कापायला आलेले होते. मजुरीचे ऐन दिवस सोडून बायका नागपूरला निघाल्या, हे शहरातल्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून लिहितो.

मुले बरोबर का आणली, असे आम्हाला आजही विचारतात. उत्तर असे की घरी ठेवायला कुणी नव्हते. आणि दुसरे उत्तर असे की मुलांना नागपूर पाहायचे होते. माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीने तिच्या नातवाला विधानभवन दाखवायचे कबूल केले होते. ती परत आली नाही. नातू आला, तो आता लाखनीत पंक्चरचे दुकान चालवतो आणि नागपूरला येत नाही. कामासाठीही येत नाही. रेल्वेने मुंबईला जायचे झाले तरी गोंदियालाच चढतो आणि नागपूर स्टेशनवर खिडकी लावून घेतो.

शब्दांविषयी एक विनंती आहे. शहरात सगळे ‘चेंगराचेंगरी’ असे म्हणतात. आमच्याकडे तो शब्द कुणी वापरत नाही. आम्ही ‘गोवारी हत्याकांड’ म्हणतो. सकाळपासून लोक रस्त्यावर बसले होते, निवेदन घ्यायला संध्याकाळपर्यंत कुणी मंत्री आला नाही, मग गर्दी हलली आणि लाठ्या चालल्या. समोर अडथळे होते. तेव्हाचे आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांच्या चौकशी आयोगाने कुणालाही दोषी ठरवले नाही. ज्या घरातली माणसे गेली, त्या घराला ‘कुणाचाच दोष नाही’ हे वाक्य कसे ऐकू येते, याची कल्पना करून पाहावी.

आता शिशिरा ताईंचा प्रश्न. तुम्ही जरूर या. भाषण करायला आलात तर मात्र गर्दी आहे, त्या दिवशी भाषणांना तोटा नसतो. आमच्या बायका भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडून पहाटे तीनला निघतात. नागपुरात पोचल्यावर त्यांची अडचण दोन गोष्टींची असते. पिण्याचे पाणी दुपारपर्यंत संपते आणि बायकांना जायला जवळपास स्वच्छतागृह सापडत नाही. गेल्या वर्षी माझ्या आईने दिवसभर पाणीच प्यायले नाही, जायला लागू नये म्हणून. परिसरातल्या एका कार्यालयाच्या रखवालदाराने बायकांना फाटकातून परत पाठवले, त्या कार्यालयाचे नाव मी लिहिणार नाही. तुम्हाला काही करायचे असेल तर एवढे पाहा.

वर्धारोडवासी साहेब, तुमच्या वडिलांना झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटले. रुग्णाची गाडी म्हटल्यावर आमची पोरे स्वतः दोरी वर करतात. पुढच्या वेळी काच खाली करून सांगा.

सदरकर
१२ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

मागणी काय होती, हे नव्या वाचकांसाठी लिहितो, कारण ते कळल्याशिवाय हा दिवस नुसता हळहळीचा होऊन बसतो. मी वकिली करतो, पण या प्रकरणात माझा कुठलाही सहभाग नव्हता.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली ‘गोंड गोवारी’ असे शब्द आहेत. लोक बोलताना म्हणतात की सारा वाद एका स्वल्पविरामाचा आहे. हे दोन शब्द मिळून एका जमातीचे नाव होते, की ‘गोवारी’ म्हणजेच आजचे गोवारी? राज्य सरकारचा २४ एप्रिल १९८५ चा एक शासन निर्णय गोवारींना अनुसूचित जमातीचे दाखले मिळण्याच्या आड आला. तो रद्द करा, ही १९९४ च्या मोर्चाची मुख्य मागणी होती. पुढे गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेतले गेले, त्या प्रवर्गाला राज्यात २ टक्के आरक्षण आहे. पण मोर्चा त्यासाठी नव्हता.

१४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला की, ‘गोंड गोवारी’ नावाची वेगळी जमात १९११ पूर्वीच लोप पावली होती, म्हणून यादीतली नोंद गोवारींचीच समजली पाहिजे. त्या दिवशी नागपुरात पेढे वाटले गेले, तेव्हा मी कोर्टाच्या आवारात होतो. एक म्हातारे गृहस्थ निकालाची छायाप्रत उलटी धरून वाचत होते. त्यांना वाचता येत नव्हते, पण कागद त्यांना हातात हवा होता. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द ठरवला. गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे आहेत, असे त्यांनी म्हटले. मधल्या काळात ज्यांना प्रवेश किंवा नोकऱ्या मिळाल्या, तेवढ्यांना संरक्षण दिले.

कायद्याची बाजू अशी की, घटनेच्या अनुच्छेद ३४२ नुसार ही यादी राष्ट्रपती जाहीर करतात आणि त्यानंतर तिच्यात भर किंवा वजाबाकी फक्त संसद करू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० साली हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या प्रकरणात हेच सांगितले होते आणि तेही प्रकरण विदर्भातलेच. म्हणजे ज्या मागणीसाठी माणसे टी पॉइंटवर मेली, ती मागणी मान्य करण्याचा अंतिम अधिकार तिथून जवळच असलेल्या विधानभवनाला नव्हताच, हे मला या प्रकरणातले सर्वांत जड जाणारे सत्य वाटते. राज्य सरकार शिफारस करू शकते, आपला शासन निर्णय मागे घेऊ शकते. पण यादी दिल्लीत आहे.

संपादक मंडळ
१२ नोव्हेंबर, सकाळी ११.००

सदरकर यांचा प्रतिसाद माहितीपर असल्यामुळे ठेवला आहे. त्याखाली आलेले आरक्षण असावे की नसावे या विषयावरचे सात प्रतिसाद दुसऱ्या धाग्यावर हलवले आहेत. येथे २३ नोव्हेंबरविषयीच लिहावे.

भारवाहक
१२ नोव्हेंबर, रात्री ८.४५

आखर यांनी शब्दाचा मुद्दा काढला, त्यावर थोडेसे. मी स्थापत्य अभियंता आहे आणि गर्दीच्या जागांची आखणी हा माझ्या कामाचा भाग आहे.

‘चेंगराचेंगरी’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर एकमेकांना तुडवत पळणारे लोक येतात, आणि दोष आपोआप पळणाऱ्यांवर जातो. प्रत्यक्षात अशा घटनांत बरीच माणसे उभ्या उभ्याच मरतात. एका चौरस मीटरमध्ये सहासात माणसे झाली की कुणाचेच पाय स्वतःचे राहत नाहीत, गर्दी पाण्यासारखी वाहू लागते. छातीवर चारही बाजूंनी दाब येतो, बरगड्यांना फुलायला जागा उरत नाही आणि माणूस गुदमरतो. बुटकी माणसे आणि मुले आधी जातात, कारण त्यांची छाती इतरांच्या कोपरांच्या उंचीवर असते. सर्वांत मागच्या माणसाला पुढे वाट बंद आहे हे कळतच नाही, तो आपला एक पाऊल पुढे टाकतो. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसे गेली, तिथेही अरुंद जिन्यावर हेच झाले.

म्हणजे पुढे वाट बंद करायची, बाजूची वाट ठेवायची नाही आणि मग गर्दीला हलायला भाग पाडायचे, या तिन्ही गोष्टी माणसांनी ठरवून केलेल्या असतात. त्याला हत्याकांड म्हणावे की नाही, हे कायद्याचे लोक ठरवोत. पण चेंगराचेंगरी हा शब्द तांत्रिक दृष्ट्याही चुकीचा आहे, एवढे मी खात्रीने म्हणेन. मी स्वतः अहवालांत तो अनेकदा लिहिला आहे.

वर्धारोडवासी
१३ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

आखर साहेब, काच खाली करून सांगायचे मला सुचले नाही, हे खरे आहे. हॉर्न मात्र वाजवला.

गांधीबागचा
१३ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

आखर, तुमच्या लाखनीच्या पंक्चरवाल्या भावाचे वाचून काकांच्या ओट्यावरचा तो धाकटा मुलगा आठवला. तो साकोलीकडचा, हा लाखनीचा, म्हणजे हा तो नव्हे, हे मला कळते. तरीही रात्रभर डोक्यात तेच राहिले.

दुकान आता चुलतभाऊ चालवतो. मागच्या बाजूला स्वच्छतागृह आहे. त्याच्याशी बोललो. २३ तारखेला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ते उघडे राहील आणि वहिनी स्वतः तिथे बसतील, म्हणजे बायकांना संकोच वाटणार नाही. स्मारकापासून चालत थोडे लांब पडते, पण रस्ता सरळ आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

शिशिरा
२४ नोव्हेंबर, रात्री ९.१५

काल जाऊन आले.

कार्यालयातल्या दोघी मैत्रिणी आणि मी, अशा तिघी सकाळी साडेसातला पोचलो. वीस लिटरचे सहा कॅन आदल्या रात्री सांगून ठेवले होते, ते टेम्पोवाल्याने अलीकडे उतरवले आणि आखर यांनी पाठवलेल्या दोन मुलांनी खांद्यावरून आत नेले. दुपारी बाराला सहाही कॅन रिकामे झाले. पुन्हा चार मागवले, ते तीनपर्यंत पुरले. पेले कमी पडले, पुढच्या वेळी हे लक्षात ठेवायला हवे. बायका ओंजळीने पाणी पीत होत्या. गांधीबागचा यांच्या वहिनींकडे दिवसभरात किती जणी जाऊन आल्या, ते त्यांनी मोजले नाही, पण संध्याकाळी त्यांचा आवाज बसला होता. प्रत्येकीशी बोलल्या असणार.

तिथे काय चालते, हे मी पहिल्यांदाच नीट पाहिले. सभेचे व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि पुढारी एका बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला त्याच्याशी फारसा संबंध नसलेली एक वेगळीच रांग असते. प्रत्येक कुटुंब हार, नारळ आणि अगरबत्ती घेऊन येते, स्मारकापाशी डोके टेकते आणि मग सतरंजीवर येऊन शिदोरी सोडते. भाकर, ठेचा, वाटाण्याची कोरडी भाजी. एका बाईने हाराबरोबर लहान मुलाचा नवा सदरा आणला होता, किंमतीची चिठ्ठी लावलेला. तो तिने स्मारकापाशी क्षणभर ठेवला, मग उचलला आणि शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नातवाला घातला. मी तिला काही विचारले नाही.

गेल्या वर्षीच्या आजी मला दिसल्या नाहीत. मी दिवसभर येणाऱ्या प्रत्येक पुरुषी स्वेटरकडे पाहत होते, आणि विदर्भातल्या म्हाताऱ्या बायका थंडीत नवऱ्याचाच स्वेटर घालतात, हे त्यामुळे कळले.

दुपारी मी सतरंजीच्या कडेला उभी होते. जेवत असलेल्या एका बाईने विचारले, “कोन्या गावची व बाई तू?” मी म्हटले, “इथलीच. नागपूरची.” ती म्हणाली, “इथं बी गोवारी आहेत का?” मी म्हटले की आहेत, पण मी गोवारी नाही. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, शेजारणीला कोपराने सरकवले आणि म्हणाली, “मंग उभी काहून हायस? बस.” मी बसले. भाकर तिखट ठेच्याबरोबर खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी आले, ते ठेच्यामुळेच, कारण सगळ्या हसत होत्या.

एक हिशेबाची अडचण आहे. दहा कॅन आणले होते, टेम्पोवाल्याने आठच परत नेले. दोन कॅन कुठे गेले ते कळत नाही. प्रत्येकी दीडशे रुपये अनामत आहे, त्याचे मी पाहीन. कुणाला दिसले असतील तर कळवावे.

वर्धारोडवासी
२५ नोव्हेंबर, सकाळी ८.००

पाण्याचा एकूण खर्च किती आला, ते कळवावे. पुढच्या वर्षीचे पेले माझ्याकडून.

आखर
२५ नोव्हेंबर, रात्री ९.५०

ताई, तुमचे दोन्ही कॅन आमच्या गावच्या मिनी ट्रकमधून लाखनीला आले आहेत. वाटेत प्यायला म्हणून बायकांनी भरून घेतले, अनामतीचे त्यांना ठाऊक नव्हते. एक कॅन आईने धुऊन ठेवला आहे. दुसऱ्यात मावशीने धानाचे बियाणे भरले होते, ते आज रिकामे करून घेतले. रविवारी मामा नागपूरला येत आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो. ते भंडारा रोडने येऊन पारडीला उतरतील, तिथून कुणी नेणार असेल तर मला फोन करावा.